तुळजाबाई सुईण आणि वाटीतला मुंगळा

सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी बाळाचं डोकं तुळजाबाईच्या तळव्यावर होतं. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण दाराबाहेर धावडा गावचे पोलीस पाटील काकासाहेब खिशातलं घड्याळ काढून उभे होते. गावात घड्याळ एवढं एकच. पत्रिकेला जन्मवेळ लागते, म्हणून बरं घर असलं की पाटलांना बोलावणं जायचं. आतून सुईणीने 'आलं' म्हणायचं, बाहेर पाटलांनी काटे वाचायचे.

"आलं!" तुळजाबाई ओरडली.

"सात बावीस. काय हाय?"

"पोरगी. आवाज आजीवर गेलाय, पाटील. कान झाका."

आजी, म्हणजे बाळंतिणीची सासू नंदाबाई, हसली नाही. एरवी हसली असती. रात्रभर सुनेच्या उशाशी बसून तिने आपल्या बाळंतपणाची गोष्ट चारदा सांगितली होती. "म्या पुंज्याला खळ्यावर काढलं. एकटीनं. कडब्याच्या पाचुंद्याला पाठ लावली, दात आवळले, झालं. तुम्ही आजकालच्या बाया, सुईण पायजे, तेल पायजे." चौथ्या वेळी तुळजाबाई म्हणाली होती, "नंदाबाई, दर खेपेला खळं मोठं होऊन राह्यलं." तेव्हा ती हसली होती.

साल १९३९, जानेवारी. तुळजाबाईचं वय बावन्न. नवरा पटकीच्या साथीत गेला, त्यानंतर तिने सासूकडून हे काम उचललं, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. नखं कायम बोटांच्या आत. नाळ कापायचा विळा वापरायच्या आधी चुलीत लाल करायची, का ते तिला सांगता येत नसे. धावडा आणि भोवतालच्या वाड्यांतली निम्मी पोरं तिच्या हातांवर आली होती. नंदाबाईचा मुलगा पुंजाराम याची आधीची दोन्ही मुलंही. ती दोन्ही गेली होती. थोरला चौथ्या दिवशी, धाकटा तिसऱ्या. पुंजारामची बायको उषा वीस वर्षांची होती, आणि ही तिची तिसरी खेप.

तुळजाबाईने नाळ बांधून कापली. पोर पुसून सुपातल्या मऊ लुगड्यावर ठेवलं. तेवढ्यात नंदाबाई पितळेची वाटी घेऊन आली.

"काढ थेंब," ती सुनेला म्हणाली.

"आत्या, आत्ता तर मोकळी झाले. वार बी पडली न्हाई."

नंदाबाईने एका हाताने तिचा अंबाडा धरला आणि तिला बाजेवरून अर्धी उठवून बसवलं. दुसऱ्या हाताने छाती दाबली. उषा जन्म देताना ओरडली नव्हती, आता ओरडली. वाटीच्या तळाशी चार थेंब पडले. पिवळे, दाट, चिकट. पहिल्या तीन दिवसांच्या या दुधाला चीक म्हणतात. गाईचा चीक घरोघर गूळ घालून खातात. बाईचा चीक जड, म्हणून पिळून उकिरड्यावर टाकायचा, आणि बाळाला चौथ्या दिवसापर्यंत कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी चोखवायचं, हा रिवाज. तुळजाबाईने अठ्ठावीस वर्षं तो पाळला होता, लोकांना पाळायला लावला होता. अलीकडे तिच्या मनात एक शंका शिरली होती. बांधावर, गाडीत, वाटेत झालेली, कुणी सुईण न लाभलेली पोरं जास्त जगतात, असं तिला वाटायला लागलं होतं. हे ती कुणापाशी बोलली नव्हती. सुईणीनेच असं म्हटलं तर तिला कोण बोलावणार?

नंदाबाईने दाराकडे हात केला. बाहेरून पुंजारामने गुळाच्या डब्यावरचा एक मुंगळा चिमटीत आणून दिला. चिकात मुंगळा मेला तर त्या बाईच्या दुधात इख, म्हणजे विष, अशी ही परीक्षा. मुंगळा वाटीत पडला. पाय थेंबात रुतले. दोनदा अंग वळलं, मग थांबलं.

"मेला," नंदाबाई म्हणाली. "इख हाय. बिलकुल इख हाय. पुंज्या, आन."

धाकटा गेला तेव्हा एका भगताने सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेलाही मुंगळा मेला तर दोन्ही छातीला लोखंडाचा डाग द्यायचा. इख आटेल, पोर शेळीच्या दुधावर जगेल. चुलीत पहाटेपासून उलथणं खुपसून ठेवलेलं तुळजाबाईने पाहिलं होतं. शेकायला असेल, असं तिला वाटलं होतं.

पुंजाराम उलथणं घेऊन आत आला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष बारा दिवस पाऊल टाकत नाही. तो आला तेव्हाच तुळजाबाईला कळलं की इथे आता बोलून भागणार नाही.

"बाहेर हो, लेका."

"बाजूला व्हा, मावशे. दोन मातीत घातले म्या. ही न्हाई घालनार."

"डाग दिल्यावर घालशील. शेळीचं दूध आज जन्मलेल्या पोराला पचत न्हाई."

"बाजूला व्हा म्हनलं!"

नंदाबाई सुनेच्या मांड्यांवर बसली आणि तिचे हात धरले. पुंजारामने उलथणं पुढे केलं. त्याचं टोक अजून लाल होतं. तुळजाबाईने त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. तो सव्वीस वर्षांचा, नांगर धरणारा. त्याने हात पिळला आणि उलथण्याचं पान तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, आडवं टेकलं. कातडी करपल्याचा वास खोलीभर झाला. तिने मनगट सोडलं नाही. त्याने कोपर तिच्या तोंडावर मारलं. ती भिंतीवर आदळली, खालचा एक दात तुटला. ती परत उठली आणि त्याच्या पायाला मिठी मारून बसली. त्याने दुसऱ्या पायाने तिच्या बरगडीत दोन लाथा घातल्या.

एवढ्या झटापटीत नंदाबाईची पकड सुटली. उषाच्या हाती विळा लागला. नाळ कापलेला, अजून ओला. पुंजाराम वाकला तशी तिने तो आडवा फिरवला. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट यांच्यामधलं मांस हाडापर्यंत उघडं पडलं. उलथणं जमिनीवर पडलं, शेणाचं सारवण चरचरलं.

"पुढं याल तर नरड्याला लावीन. पोरीला मी पाजनार," उषा म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, नवऱ्याला अहो-जाहो करणंही सोडलं नाही.

"काय चाललं आत?" बाहेरून काकासाहेब. "पुंजाराम, कोनाचं रगत हाय हे उंबऱ्यावर?"

"माझं, पाटील."

"मंग मला भोकरदनच्या ठाण्यात अमीनसाहेबाला कळवावं लागंल."

तुळजाबाईने रक्त थुंकलं. "कळवा. बराबर लिवा. बाळंतीन पोरीला पाजायचं म्हनून राह्यली, म्हनून घरात मारामारी."

पाटलांनी घड्याळ खिशात टाकलं. असा गुन्हा कोणत्या सदरात लिहायचा, हे त्यांना माहीत नव्हतं.

तुळजाबाई भिंतीला टेकून बसली. "उषे, थोरल्याला किती पाजलं व्हतं?"

उषाने विळा खाली केला नाही. "न्हाई पाजलं. तुम्हीच पिळून उकिरड्यावर टाकलं, मावशे. चवथ्या दिशी पाज म्हनल्या. चवथ्या दिशी सकाळी त्यो गार व्हता."

"आन धाकट्याला?"

"आत्यानं मुंगळा टाकला. फडकं आवळून छाती बांधली. ताप चढला मला. त्यो तोंड उघडून हिकडं तिकडं शोधत व्हता. गुळाचं पानी देल्लं. एक थेंब न्हाई गेला त्याच्या पोटात."

"ऐकलं, नंदाबाई? दोघांनी बी एक थेंब पिला न्हाई. मंग इख कुठून गेलं?"

नंदाबाई बाजेजवळ उभी राहिली. वाटी अजून तिच्या हातात होती.

"पुंज्या खळ्यावर झाला," तुळजाबाई म्हणाली. "कवा पाजलंस त्याला?"

"तवाच. ऊन व्हतं. रडत व्हता. कोन व्हतं तिथं सांगायला?" ती थांबली. पुंजारामकडे पाहिलं. तो मनगट आवळून उभा होता आणि बोटांतून रक्त गळत होतं. मग ती तुळजाबाईकडे वळली.

"माझ्या नातवांचं दूध तू फेकलं."

"हां. ह्या हातानं फेकलं."

नंदाबाईने वाटी तिच्या तोंडावर मारली. मग परत मारली. कपाळाला खोक पडली, भुवईवर दुसरी. तिसऱ्या वेळी वाटीचा काठ दुमडला. "सुईन म्हनत्यात तुला! सुईन!" तुळजाबाईने हात वर केला नाही. पुंजारामलाच पुढे होऊन डाव्या हाताने आईला मागे ओढावं लागलं. ती ओढली गेली, आणि मग सुपाजवळ जमिनीवर बसली. रडली नाही. तिने पोरीला उचललं, सुनेकडे नेलं आणि म्हणाली, "विळा ठेव. पातं लागंल तिला."

उषाने विळा ठेवला, पण मांडीखाली.

पोरीने लगेच तोंड लावलं नाही. दोनदा सुटली, खोकली, चिडून लाल झाली. तुळजाबाईने एका डोळ्याने पाहत, दुसऱ्यात रक्त उतरलेलं, बाळाची हनुवटी खाली दाबली. "वरून न्हाई, खालून दे. नाक मोकळं ठेव." तिसऱ्या वेळी पोरीने पकडलं. गाल आत गेले, गळ्याशी हललं. खोलीत ते ऐकू येत होतं.

छाती बांधायला म्हणून फाडून ठेवलेलं फडकं पुंजारामच्या हाताला गुंडाळलं. वार नऊच्या सुमारास पडली. तुळजाबाईने ती पुरून मगच स्वतःच्या भाजलेल्या हातावर तूप लावलं. दिवसभरात पोरगी सात वेळा प्याली. दुपारी काळी शी झाली आणि संध्याकाळी तिने आजीचं लुगडं भिजवलं. थोरल्याने दुसऱ्या दिवसानंतर एकदाही भिजवलं नव्हतं, हे नंदाबाई स्वतःहून म्हणाली.

निघताना तुळजाबाई उंबऱ्यावर थांबली. कपाळ बांधलेलं, ओठ सुजलेला.

"उद्या येऊ का नको, सांग."

"बारा दिसाचा रिवाज हाय. मधीच कोन सोडतं?" नंदाबाई म्हणाली. "तेल घरचंच हाय. जल्दी ये."

बाळ-बाळंतिणीला सुईणीने बारा दिवस रोज सकाळी न्हाऊ घालायचं, असं धावड्यात चालतं. उद्या दुसरा दिवस. पाणी सासूने तापवायचं असतं.