‘दर्याप्रसाद’ गुराबेची चाकरी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर सांगितलं नसतं. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

आधी राग सांगते. तो सांगणं सोपं आहे.

काचीगुड्याच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीला दर वर्षी देखावा असतो — हलत्या मूर्ती, दिवे आणि मागून ध्वनिमुद्रित निवेदन. निवेदन मी लिहिते. आमच्यात धड मराठी लिहिणारे उरलेत किती? त्या वर्षी आरमाराचा देखावा ठरला. गौलीगुड्याच्या एका सुतारानं आठ फुटी गुराब बनवली, म्हणजे जुन्या आरमारातलं शिडांचं लढाऊ लाकडी जहाज. गोष्ट हवी होती, म्हणून मी वसंतकाकांकडे मलकपेठेला गेले.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. दर रविवारी मंडळाच्या माडीवर मोडी शिकवायचे. शिकायला कधी चार जण, कधी मी एकटी. शेवटपर्यंत टिकले ती मीच. त्यांचा कुणी पूर्वज कोकणात ‘दर्याप्रसाद’ नावाच्या गुराबेवर कारकून होता आणि त्यानं मोडीत लिहिलेली चोपडी काकांपर्यंत आली होती. निवृत्तीनंतरची सहा वर्षं खर्चून काकांनी ती देवनागरीत वहीत उतरवली, पेन्सिलीनं, ओळ न ओळ. ती वही त्यांनी मला वाचायला दिली — माझ्या हातात, विश्वासानं.

काय होतं तिच्यात? लढाई नव्हती! ‘दर्याप्रसाद’नं तांदळाच्या गलबतांना सोबत केली. पावसाळ्याआधी तिला किनाऱ्यावर ओढायचे, फटींत कापूस आणि राळ भरायचे, वर माडाच्या झापांचं छप्पर घालायचे. एकदा चाचे दिसले, तिनं तोफा डागल्या, ते पळाले. बस. अशी पंचवीसेक वर्षं. मग तळ कुजला, ती मोडली आणि तिच्या चांगल्या फळ्या मिठाच्या कोठाराला लावल्या. ही शेवटची ओळ.

मला ती वाचून गलबलून आलं होतं. खरंच. ज्या गलबतांना तिनं पोचवलं त्यांतला तांदूळ कितीजणांच्या पोटात गेला असेल! आणि आमचे अध्यक्ष काय म्हणाले? “ताई, हे नक्को. जहाज म्हणलं की लढाई पायजे. लोकं रडायला पायजेत. मिठाचं कोठार कायको?”

ज्या माणसानं हुसेनसागरापलीकडे पाणी पाहिलं नाही, त्याला जहाज जळताना बघायचं होतं! इमानानं राबलेल्या जहाजाची आम्हाला लाज का वाटते? ते बुडालं, पेटलं, तरच मोठं? माझा अजून संताप होतो — पण थांबा. लिहिलं कुणी? मी. एका दुपारी ‘दर्याप्रसाद’ला पाच शत्रुजहाजांनी घेरलं आणि तिनं स्वतःचं दारूकोठार पेटवून दिलं. छान जमलं होतं. लिहिताना मजाही आली, हेही सांगून टाकते.

उद्घाटनाला निवेदन संपलं, बायका डोळे पुसत होत्या, आणि काका उभे राहिले. “हे खोटं आहे,” एवढंच म्हणाले. गलका झाला. मराठी असून असं बोलता, म्हणून कुणी अंगावर धावलं. अध्यक्षांनी माईक माझ्या हातात दिला. ताईंनी मोडी वाचलंय, ताई सांगतील.

मी काय सांगू शकले असते? खरं. दोन वाक्यं पुरली असती. फार तर अध्यक्ष चिडले असते, पुढच्या वर्षी निवेदन दुसऱ्या कुणाला मिळालं असतं. एवढंच.

मी म्हणाले, “काकांची नजर आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. त्यांच्याकडून वाचण्यात चूक झाली आहे.”

“चष्म्याचा नंबर बढा क्या, काका?” असं कुणीतरी ओरडलं आणि लोक हसले. काका खाली बसले. माझ्यावर रागावलेले दिसले नाहीत — विचारात पडलेले दिसले. का, ते मला तेव्हा कळलं नाही. की कळलं होतं?

पुढच्या रविवारी माडीवर कुणी आलं नाही. नजर गेलेल्या माणसाकडे मोडी कोण शिकणार? काका मात्र माझ्या घरी आले, चोपडी आणि मी परत केलेली वही घेऊन. मला वाटलं, आता जाब विचारतील, आणि मनाशी उत्तरंही तयार केली. त्यांनी जाब विचारला नाही. चोपडीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

“कुठं चुकलं, दाखव बेटा. मी चारदा वाचलं, मला तेच दिसतंय. आता माझा भरवसा राहिला नाही.”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. मला मोडी त्यांनीच शिकवली होती, म्हणून.

तेव्हाही वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, अध्यक्ष नव्हते, माईक नव्हता. मी पानावर वाकले, वाचल्यासारखं केलं आणि फळ्यांच्या, मिठाच्या कोठाराच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, “ही ओळ. इथे असं लिहिलेलं नाही.”

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. वहीतली ती ओळ पट्टी धरून, नीट, एका रेघेत खोडली. मग वही मिटून म्हणाले, “बरं झालं, तू होतीस.”

त्यानंतर त्यांनी मोडीचा एकही कागद वाचायला घेतला नाही. तीन वर्षांनी ते गेले. ती ओळ त्यांनी बरोबर वाचली होती.