साठ ग्रॅमची चूक

वजनकाटे तपासून त्यांवर शिक्का मारणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे मिलीग्रॅम म्हणत. एक तर ती होती एवढीशी, जेमतेम शेहेचाळीस किलोंची, आणि दुसरं म्हणजे तिला कुठलीही चूक म्हणून खपायची नाही. काटा बेकरीतला असो की औषधांच्या दुकानातला, सुई केसभर जरी सरकली तरी ती तो उघडून, पुसून, पुन्हा जुळवूनच उठायची. दुकानदार तिला चहा पाजून बघत, गप्पांत गुंतवून बघत, पण बाई बधत नसे. चहा मात्र प्यायची. दिवसाकाठी सात-आठ कप चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं, यालाच ती जेवण म्हणत होती.

या कामावर तिचा भारी जीव. सकाळी गाडीत लोखंडी वजनं चढवायची आणि दिवसभर गावभर हिंडायचं. त्यातही बाळांच्या दवाखान्यातला काटा तिचा लाडका. तो जुळवून झाला की नर्स रांगेतलं पहिलं बाळ त्यावर ठेवायची, ते हातपाय झाडायचं, आकडा नाचायचा आणि मग स्थिर व्हायचा. तो स्थिर झालेला आकडा बघायला मिलीग्रॅम हटकून थांबायची. स्वतःला मूल नव्हतं, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण त्या आकड्यापाशी तिला आपलं सगळं ठीक चाललंय असं वाटायचं.

घोडं अडलं ते पंचावन्नाव्या वर्षी. कचेरीचा नियमच होता. पंचावन्न भरली की परीक्षा द्यायची: वीस किलोंचं लोखंडी वजन जमिनीवरून उचलून कमरेइतक्या उंच टेबलावर ठेवायचं, असं दहा वेळा. जमलं तर गाडी आणि गाव तुमचं. नाही जमलं तर खिडकीशी बसून पावत्या फाडायच्या. खिडकीशी आधीच एक जण बसलेला होता. त्याला सगळे क्विंटल म्हणत. आडवातिडवा, बैलासारख्या खांद्यांचा माणूस, पण दोन वर्षांपूर्वी दहाव्या खेपेला वजन अर्ध्यावर आणलं आणि तिथून त्याच्या हातातून निसटलं. तेव्हापासून तो खिडकीत बसून मान खाली घालून पावत्या फाडत होता, आणि कुणी विचारलं तर वय झालं म्हणायचा.

परीक्षेला चार महिने होते. मिलीग्रॅमने एकदा कुणी नाही असं बघून कोठारात प्रयत्न करून पाहिला. गाडीतली नेहमीची वजनं दहा-दहा किलोंची, तीही ड्रायव्हर अर्धी उचलू लागायचा. वीस किलोंचं वजन तिसऱ्याच खेपेला जेमतेम टेबलावर चढलं, आणि चौथ्या खेपेला ते तिच्या पायाच्या अंगठ्यापासून दोन बोटांच्या अंतरावर आदळलं. त्याच संध्याकाळी ती दोन गल्ल्या पलीकडच्या व्यायामशाळेच्या पायऱ्या चढली.

तिथे शिकवणारी बाई उंच, शांत आणि कमी बोलणारी होती. तिने मिलीग्रॅमला उठाबशा काढायला लावल्या, पाठ सरळ ठेवून वाकायला शिकवलं, हातात छोटी वजनं दिली आणि शेवटी विचारलं, खाता काय? उत्तर ऐकून ती म्हणाली की नुसतं उचलून अंगात ताकद येत नाही, अंगाला विटा-सिमेंट लागतं. रोज साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. अंडी, दूध, कडधान्यं, मासे, जे आवडेल ते.

साठ ग्रॅम. असा सुटसुटीत आकडा कानावर पडला आणि मिलीग्रॅम हरखून गेली. ग्रॅम म्हणजे तर तिचं माहेर.

आता घरची गोष्ट सांगायला हवी. घरी तिची मोठी नणंद होती, वन्सं. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, आणि जीभ अशी की कांदा चिरावा. व्यायामशाळेचं कळलं तर वन्सं आपल्याला वर्षभर सोलून काढतील याची मिलीग्रॅमला खात्री होती. म्हणून तिने ताकास तूर लागू दिली नाही. व्यायामाची पिशवी कचेरीत ठेवली, आणि खाण्याची व्यवस्था पहाटे, वन्सं उठायच्या आत, लावली.

व्यवस्था चोख होती. दागिने तोलायचा एक जुना काटा तिच्याकडे होता, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत खरा. रोज एक अंडं उकडायचं, सोलायचं, काट्यावर ठेवायचं. बावन्न ग्रॅम भरलं तर शेंगदाणे टाकून साठ करायचे. त्रेसष्ट भरलं तर सुरीने अलगद तीन ग्रॅमांची फोड काढायची आणि बशीत ठेवायची. साठ म्हणजे साठ. अंडं खाऊन झालं की प्रथिनांचा कोटा पुरा, मग दिवसभर चहा-बिस्किटांना रान मोकळं. महिनाभर तिने हे व्रतासारखं पाळलं आणि महिनाभरात ती आणखी वाळली. आधी तीन वेळा उचललं जायचं, आता दोन वेळातच डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. शिकवणाऱ्या बाईने विचारलं, साठ ग्रॅम खाताय ना? मिलीग्रॅम जरा दुखावूनच म्हणाली की एक गुंजही इकडेतिकडे झालेली नाही.

आणि मग एका रविवारी वन्संनी फ्रिज पुसायला काढला. मागच्या कप्प्यात झाकलेली बशी होती. बशीत अंड्याच्या पातळ पातळ फोडी, नखाएवढ्या, ओळीने मांडलेल्या, एकूण अकरा. वन्संनी ती बशी टेबलावर आणून ठेवली आणि समोर बसल्या.

"वहिनी, घरात उंदीर झालाय, आणि तो सुरी वापरतो."

मिलीग्रॅमने मग सगळं सांगून टाकलं. परीक्षा, खिडकी, व्यायामशाळा, साठ ग्रॅम, दागिन्यांचा काटा. वन्सं ऐकत होत्या. त्यांचा चेहरा आधी गंभीर होता, मग तो ओठांच्या कोपऱ्यांपासून ढासळू लागला.

"अहो वहिनी, साठ ग्रॅमच्या अंड्यात प्रथिनं असतात सात ग्रॅम. बाकी बहुतेक पाणी."

सात. साठाच्या जागी सात. जी बाई केसभर चुकीसाठी काट्यावर शिक्का मारायची नाही, ती महिनाभर आठपटीने चुकली होती, आणि तेही ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत अचूक. तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. वन्संना वाटलं ही आता रडणार, पण ती हसत होती. वन्संही सुटल्या. दोघी टेबलाला धरून इतक्या हसल्या की मिलीग्रॅमला उचकी लागली, आणि उचकी थांबवायला पाणी आणायला उठलेल्या वन्सं अर्ध्या वाटेतच जमिनीवर बसल्या. मग डोळे पुसून त्यांनी त्या अकरा फोडी वहिनीच्या तोंडात एकेक करून भरवल्या.

दुसऱ्या दिवसापासून घराचं रुग्णालय झालं. ऑपरेशन झालेली माणसं उभी करण्यात वन्संचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्यांना काही विचारायचं कामच नव्हतं. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध. दुपारच्या डब्यात मोड आलेली कडधान्यं, भात, पालेभाजी आणि वाटीभर दही. व्यायामाआधी केळं. रात्री मासा नाहीतर कोंबडी, आणि साडेनवाला दिवा बंद, कारण झोपेतच अंग भरतं असं वन्संचं म्हणणं. चहा दोन कपांवर आला. पहिला आठवडा मिलीग्रॅमला वाटलं की आपण खाऊनच मरणार. दुसऱ्या आठवड्यात तिला अकरा वाजता खरीखुरी भूक लागली, आणि तिला ती ओळखूच आली नाही. तिला वाटलं आपल्याला काहीतरी होतंय.

होतच होतं. उचलायच्या खेपा पाच झाल्या, सात झाल्या. बरणीची झाकणं तिच्या हातात आपणहून फिरू लागली. एकदा वन्संनी कपाट सरकवायला शेजाऱ्यांना हाक मारली, तर शेजारी येईपर्यंत कपाट सरकलेलं. व्यायामशाळेतलं वीस किलोंचं वजन तर तिच्या इतकं ओळखीचं झालं की डोळे मिटून उचलायची. आरशापुढे ती दंड वाकवून बघायची आणि वन्सं आल्या की केस विंचरत असल्याचं सोंग करायची.

परीक्षेच्या दिवशी कोठारात साहेब, कारकून, ड्रायव्हर असे सगळे जमले. क्विंटल खिडकीतूनच मान वळवून बघत होता. परीक्षेचं वजन कोपऱ्यात असायचं. ते फक्त परीक्षेलाच बाहेर निघे. कधीतरी त्याची मूठ तुटली होती तेव्हा लोहाराकडून नवी जाड मूठ बसवून घेतलेली, आणि वर दरवर्षी राखाडी रंगाचा हात.

मिलीग्रॅमने पहिल्यांदा वजन उचललं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्यांदा उचललं, आठी वाढली. साहेबांना वाटलं बाई दमली. पण ती उचलतच राहिली. दहाव्या खेपेला वजन गुडघ्यापाशी घुटमळलं, तिने दात आवळले, आणि ते टेबलावर टेकलं. ड्रायव्हरने टाळ्या वाजवल्या. मिलीग्रॅमने घाम पुसला, दम घेतला आणि म्हणाली,

"साहेब, हे वीस नाही. एकवीस आहे, आणि वर पाव."

साहेब हसले. कचेरीतलं वजन आणि चुकीचं? पण त्यांना तपासायला नाही म्हणणं शक्यच नव्हतं, दारावरच्या पाटीला ते शोभलं नसतं. वजन मोठ्या काट्यावर चढलं. आकडा स्थिर झाला: एकवीस किलो दोनशे ग्रॅम. गावातलं प्रत्येक वजन वर्षातून दोनदा तपासणाऱ्या त्या कचेरीत माणसं तपासायचं हे एकच वजन कुणी कधी तपासलं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. क्विंटल उठून आला होता. हातात पावतीपुस्तक होतं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने काहीतरी लिहिलेलं होतं.

"साडेनऊ खेपा, दर खेपेला एकवीस किलो दोनशे. एकूण दोनशे एक किलो चारशे," तो हळू आवाजात म्हणाला. "दहा खेपा वीसच्या केल्या तर दोनशेच होतात."

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. चूक काढायची सवय असलेल्या त्या सगळ्यांनी तो वाचला. चूक नव्हती. दोन वर्षं त्या माणसाने आपल्या दंडांना, गुडघ्यांना आणि वयाला दोष दिला होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते त्याने पुसलंही नाही. साहेब म्हणाले की महिन्याभराने पुन्हा परीक्षा, खऱ्या वीसच्या वजनाने. ते म्हणताना त्यांनी मान खाली घातली होती.

क्विंटलने मिलीग्रॅमला बाजूला घेतलं. दोन वर्षं बसून काढली, आता नुसतं उचलून भागायचं नाही हे त्यालाही कळत होतं.

"बाई, मी किती खायचं?"

त्यासाठी आधी तुमचं वजन कळायला हवं, ती म्हणाली. क्विंटल गोंधळला. तीस वर्षं काट्यांत काढलेला तो माणूस स्वतः कधीच काट्यावर उभा राहिलेला नव्हता. सगळ्यांनी मिळून त्याला चढवलं. आकडा नाचला, नाचला आणि थांबला: त्र्याण्णव किलो चारशे. म्हणजे इतकी वर्षं त्याच्या टोपणनावातही सहा किलो सहाशे ग्रॅमची चूक होती. पहिल्यांदा तोच हसला.

दुसऱ्या दिवशी वन्संनी दोन डबे भरले. परीक्षेच्या वजनाचा मिलीग्रॅमचा अंदाज पन्नास ग्रॅमांनी चुकला होता, आणि ते तिला आठवडाभर डाचत राहिलं.