दातात बसलेला राग

सोजरबाईंच्या बालवाडीत ‘गप्प बस’ असं कुणी म्हणायचं नाही, हा नियम होता. बाकी आरडाओरडा, लोळण, रुसवे, सगळं चालत असे.

बालवाडी म्हणजे चिंचवड स्टेशनपलीकडच्या वस्तीत, विहाराला लागून असलेली पत्र्याची एक खोली. भुई मातीची. महिला मंडळानं ती काढली तेव्हा सोजरबाईंना झाडलोट आणि पोरं सांभाळायला ठेवलं होतं. त्याआधी त्या कंपन्यांच्या शेडच्या बांधकामांवर पाट्या वाहत. परभणीकडून नवऱ्याबरोबर आल्या आणि आल्या दिवसापासून खडीच्या ढिगाजवळ उभ्या राहिल्या. तिथं त्यांनी एक गोष्ट रोज पाहिली. बायका कामाला लागल्या की चालती पोरं कमरेला दोरी बांधून खुंट्याला अडकवलेली असत. पोर रडे, रडे आणि थांबे. मुकादम म्हणे, “बघा, झालं की नाही शांत?”

सोजरबाई पाटी उतरवता उतरवता म्हणत, “शांत न्हाई झालं, मालक. दमलं.”

तेवढा एक फरक घेऊन त्या बालवाडीत आल्या.

पोर हातपाय आपटायला लागलं की त्या हातातलं टाकून त्याच्यासमोर उकिडव्या बसत आणि विचारत, “राग आलाय का लेकरा? कुठं आलाय?” चार वर्षांच्या पोराला राग कशाचा ते सांगता येत नाही, पण कुठं आलाय ते दाखवता येतं. हातात आला असेल तर माती मळायची. पायात आला असेल तर भुईसाठी कालवलेला चिखल तुडवायचा. पोटात असेल तर काम नाही, बाईंच्या मांडीवर बसायचं. कामं खोटी नसत. तुडवलेला चिखल खरोखर भुईला लागे, मळलेल्या मातीची चूल होई. नुसतं गुंतवायला दिलेलं काम पोरं लगेच ओळखतात. थोड्या वेळानं बाई विचारत, “हाय अजून?” पोर स्वतःच्या पायाकडे बघून म्हणे, “थोडा हाय.” मग आणखी तुडवायचं. बाई जवळच उभ्या. उन्हात उभ्या, पदर डोक्यावर घेऊन, पोर स्वतः ‘गेला’ म्हणेपर्यंत. अर्धवट सोडलेलं काम त्यांना आवडत नसे, मग ते रागाचं का असेना.

एकाहत्तर सालच्या हिवाळ्यात कस्तुरा आली. बाप भीमराज फोर्जिंगच्या कारखान्यात मोठ्या हातोड्यावर, कायमचा तिसऱ्या, म्हणजे रात्रीच्या पाळीला. आई गिरजाबाई औषधाच्या कंपनीत पॅकिंगला, बदली कामगार. पोरगी गोड, नीटनेटकी, कधी न रडणारी. आणि चावणारी. तिच्या चावण्याला आधी काही चाहूल नसे. ना ओरडणं, ना ढकलणं. सरळ दात.

तिसऱ्यांदा चावली ती सोनबाच्या गालाला. सोनबाची आई दुर्गाबाई त्याला काखेत मारून दारात आली. “माणसाची पोर हाय का कुत्र्याची? बघा, आख्खी बत्तीशी उमटलीया.”

“चार वर्साच्या लेकराला बत्तीशी कुठली, दुर्गाबाई,” सोजरबाई म्हणाल्या, “ईसच दात असत्यात.”

“मोजत बसा तुमी. माझ्या पोराचा गाल गेला.”

महिला मंडळाच्या कुसुमताई समजूतदार बाई होत्या, पण त्यांनाही सगळ्या आयांना तोंड द्यायचं होतं. त्यांनी सांगून टाकलं, “आता एकदा चावली की नाव कमी, सोजरबाई. माझा इलाज नाही.”

गिरजाबाईनं ऐकलं आणि ती पायरीवरच बसली. “अजून परमनंट न्हाई मी, बाई. पोरीपायी खाडे झाले तर उद्या दुसरी बाई माझ्या जागेवर उभी राहील.”

सोजरबाईंनी कस्तुराला समोर घेतलं. “राग कुठं आलाय?” पोरगी नुसती बघत राहिली. पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. डोळ्यांत पाणीही नाही. बाईंकडे तिच्यासाठी काम नव्हतं आणि हे त्यांना फार लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बालवाडी सुटल्यावर त्या कस्तुराच्या मागोमाग तिच्या घरी गेल्या. घर जवळच, पुढच्याच ओळीत, एक खोली. दार लोटलेलं. भीमराज डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपला होता. कस्तुरा आत जाऊन भिंतीला टेकून बसली. बाहेर पोरांनी टायर पळवला, ती उठू पाहत होती, उठली नाही. तिनं फ्रॉकचा घेर उचलला, तोंडात कोंबला आणि दात आवळले. तशीच बसली.

सोजरबाईंना तो फ्रॉक ओळखू आला. त्याच्या घेराला भोकं पडली होती म्हणून मागच्या आठवड्यात त्यांनीच ठिगळ लावून दिलं होतं. उंदरांनी कुरतडलं असेल असं त्यांना वाटलं होतं.

त्यांनी भीमराजला उठवलं नाही. कस्तुराला मांडीवर घेऊन त्या तो आपोआप उठेपर्यंत बसून राहिल्या. तो उठला, बाईंना बघून गडबडला, लुंगी सावरत म्हणाला, “पोरीनं तरास दिला व्हय?”

“न्हाई. पण तिला फ्रॉक चावायला कुणी शिकवलं?”

“तिच्या आईनं.” भीमराजला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. उलट त्याच्या आवाजात कौतुक होतं. “रडू आलं तर कापड धरायचं दातात. आजूबाजूला इचारा, आमच्या घरातनं पोरीचा आवाज आलेला कुणी ऐकलाय का. लई शानी हाय.”

“दमलीया ती, भीमराज. दुपारभर दात आवळून बसती, आन् सकाळी माझ्याकडं आली की ते दात उघडत्यात.”

भीमराज म्हणाला, “मग मी झोपू नको? बाई, तापलेलं लोखंड हातोड्याखाली धरतो मी. डुलकी लागली तर हात जाईल.”

हे खरं होतं. सोजरबाईंनी पाट्या वाहिल्या होत्या, झोपेचं मोल त्यांना माहीत होतं. त्या म्हणाल्या, “तुमी झोपा. दुपारची ती माझ्या घरी राहील. आन् घरात उरलेली भाकर असंल ती वाळवून माझ्याकडं पाठवा. कडक पायजे.”

“भाकर कशाला?”

“राग दातात आला की चावायला.”

भीमराज हसला. “चावली की खायला? मग तर रोज चावंल.”

“चावल्यावर न्हाई मिळायची. चावायच्या आधी मागितली तरच.”

बोलायला सोपं होतं. मागायचं म्हणजे पोरीला आधी कळायला हवं की दात शिवशिवताहेत, आणि तिला तर तेच कळू द्यायचं नाही असं शिकवलेलं. सोजरबाईंनी भाकरीच्या तुकड्यांची टोपली पोरीच्या हाताला लागेल अशा फळीवर ठेवली आणि तिच्या जबड्यावर नजर धरली. झाडताना, पाणी भरताना, दुसऱ्याचं नाक पुसताना नजर तिकडंच. गाल ताठ झाला की त्या जवळ जात, तिच्या गालाला बोट लावत आणि म्हणत, “इथं आलाय बघ.” आणि तुकडा देत. पोरगी कडाकडा फोडून खाई. दिवसातून कितीदा तरी हे चाले. पाट्या वाहताना संध्याकाळी पाठ दुखायची, आता डोळे दुखत. पण सगळ्यांत कठीण होतं ते हळूहळू मागं सरणं. आधी बोट लावायचं बंद केलं, मग नुसतं टोपलीकडे बघायचं, मग तेही नाही.

एका सकाळी कुसुमताई बघायला आल्या. दुर्गाबाईही आलेली, दाराशी हाताची घडी घालून उभी. आत सोनबानं कस्तुराच्या हातातलं डब्याचं झाकण हिसकावलं. कस्तुराचा गाल ताठ झाला. सोनबानं आपला गाल हातानं झाकून घेतला. सोजरबाई उठल्या आणि तिथंच थांबल्या. एवढे दिवस जे केलं ते लागू पडलं की नाही, ते आता पोरीनंच दाखवायचं होतं.

कस्तुरानं पाठ फिरवली. फळीपाशी गेली. टोपलीत हात घातला.

टोपली रिकामी होती. आदल्या दिवशी बाकीच्या पोरांनीही ‘दातात आलाय, दातात आलाय’ करत भाकरी संपवली होती आणि बाईंच्या ते ध्यानात राहिलं नव्हतं.

कस्तुरानं फ्रॉकचा घेर हातात घेतला. तोंडापर्यंत नेला. मग सोडला, आणि तोंड उघडून ती रडली. असं रडली की बाहेरची कोंबडी फडफडत पळाली. सगळी वस्ती ऐकेल असं रडली.

“अगं बाई,” कुसुमताई पुढं झाल्या, “तिला आधी गप्प...” आणि नियम आठवून थांबल्या.

सोजरबाई कस्तुरासमोर उकिडव्या बसल्या. “येऊ दे,” म्हणाल्या. “सगळं येऊ दे.”

पुढच्या ओळीतून भीमराज धावत आला. उघडा, डोळे लाल, टॉवेल अजून खांद्यावर. “काय झालं? कुणी मारलं?”

“कुणी न्हाई,” दुर्गाबाई म्हणाली. ती सोनबाच्या गालाकडे बघत होती. “चावली न्हाई आज. नुसती रडतीया.”

भीमराज दारात उभा राहिला. पोरीचा आवाज त्यानं इतक्या मोठ्यानं कधी ऐकलाच नव्हता. पोरीनं बापाला पाहिलं, एक क्षण थबकली, हात फ्रॉककडे गेला. भीमराजनं मान हलवली. “रड,” म्हणाला, “माझी झोप झालीया.” झोप झाली नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. कस्तुरा पुन्हा सुरू झाली, आणि बाप पायरीवर बसून तिचं रडणं संपायची वाट बघत राहिला.

संपल्यावर सोजरबाईंनी विचारलं, “हाय अजून?”

कस्तुरानं गाल चाचपला. “गेला.”

“मग भीमराज, पाय धुवून या,” बाई म्हणाल्या. “आता उठलाच, तर चिखल तुडवायचाय.”

नाव कमी झालं नाही. गिरजाबाई पुढं परमनंट झाली. ऐंशी सालापुढं मंडळानं बालवाडीला शहाबादी फरशी घातली, तेव्हा सोजरबाईंनी गवंड्याला एक कोपरा तसाच ठेवायला लावला. गवंडी म्हणाला, “बाई, काम अर्धवट दिसतं.” त्या म्हणाल्या, “दिसू दे.” त्या कोपऱ्यात माती होती, पाण्याची बादली होती, आणि वरच्या फळीवर वाळल्या भाकरीची टोपली. ती मात्र त्या सकाळनंतर कधी रिकामी राहिली नाही. सकाळी दार उघडलं की बाई पहिला हात तिथं घालून बघत.