चौघांची इंग्रजी

आमच्या इन्स्टिट्यूटला 'डायव्हर्सिटी' या शब्दाचं भारी कौतुक. शनिवार-रविवारचा एमबीए, वर्गात सगळे नोकरीधंदा सांभाळून आलेले. स्टडी ग्रुप पाडताना मॅडमनी बजावलं की ओळखीच्यांनी एकत्र यायचं नाही, वेगवेगळ्या घरांतली माणसं हवीत. त्यामुळे आमचा चौघांचा ग्रुप अगदी जाहिरातीत शोभेल असा झाला. मी नौपाड्यातली, विमा कंपनीतली, आजोबांपासून सगळे नोकरदार. दुसरी डोंबिवलीची तमिळ, औषध कंपनीत. तिसरा टिटवाळ्याहून यायचा, घरचे मूळ बिहारचे, तो एका गोदामाचा सुपरवायझर. आणि चौथा मानपाड्याजवळच्या गावातला आगरी. त्यांच्या शेतांवर आता टॉवर उभे राहतायत आणि तो त्याच टॉवरना रेती-सिमेंट पुरवतो.

पहिल्या दिवशी तमिळ मैत्रिणीने आपली ओळख इंग्रजीत करून दिली. मग टिटवाळेकराने इंग्रजीत दिली, मग आम्ही दोघांनीही. तेवढ्यावर आमची भाषा ठरली. कुणी नियम केला नाही, कुणी विचारलं नाही. दोघांना मराठी येत नसणार, त्यांच्यादेखत आपण दोघांनी मराठीत बोलणं बरं दिसत नाही, एवढा साधा विचार मी केला. चारचौघांत कुणाला परकं वाटू द्यायचं नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. आम्ही स्टेशनजवळच्या एका हॉटेलात बसायचो. तिथे ऑर्डर मात्र चौघंही हिंदीत द्यायचो. गल्ल्यावरचा अण्णा मराठीत उत्तर द्यायचा, तरी आमची हिंदी काही सुटली नाही.

बैठक संपली की मानपाड्याचा तो आणि मी स्टेशनपर्यंत चालत जायचो. तेव्हा त्याचं तोंड उघडायचं. एमबीएला का आलास, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलेलं.

"बिल्डरच्या हापिसात मीटिंग असते. सगळे इंग्लिश फाडतात. आमच्याच गावच्या जागेबद्दल बोलतात आणि मी आपला पाणी पीत बसतो," तो म्हणाला. "एकदा तिथं बसून बोलायचं हाय मना. बस."

ग्रुपमध्ये मात्र तो मूग गिळून बसायचा. एकदा एका दुकानांच्या साखळीची केस आली होती. गिऱ्हाईक का तुटलं यावर आम्ही तिघं दोन तास किंमत, जाहिरात, ब्रँड असं दळण दळत होतो. रस्त्यात तो म्हणाला, "भावामुळं नाय तुटलं गं. दुकानातली जुनी माणसं काढली ना, तवा तुटलं. गिऱ्हाईक माणसाकडं येतं."

"अरे, मग हे मगाशी का नाही बोललास?"

"मनात इंग्लिश करेपर्यंत तुम्ही पुढच्या पानावर."

"मराठीत बोल ना. मी सांगते त्यांना."

"नको. ते दोघं पाहुण्यासारखे बघत बसतील. बरं नाय दिसत."

तेही खरंच, असं मला वाटलं. पुढच्या खेपेला त्याचा मुद्दा मीच इंग्रजीत मांडला, त्याचं नाव घेऊन मांडला. तो नुसता मान डोलावत होता. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही, हे व्यवस्थापनाच्या कुठल्याही पुस्तकाआधी मला ठाऊक होतं. पण त्याचं सोनं मी माझ्या तोंडाने विकत होते आणि वर ह्यालाच मदत समजत होते.

वर्षाअखेरच्या प्रेझेंटेशनला प्रत्येकाने बोलणं सक्तीचं होतं. त्याने सगळं पाठ केलेलं. मधेच एक वाक्य निसटलं आणि तो थांबला. टिटवाळेकर चांगला माणूस, त्याने पटकन पुढचं बोलून वेळ सावरली. नंतर खाली चहा पिताना आमचा हा गडी स्वतःवरच विनोद करत होता. आम्हीही हसलो. दुसऱ्या वर्षी तो आलाच नाही. ग्रुपवर त्याचा दोन ओळींचा मेसेज आला, इंग्रजीत, आम्हाला शुभेच्छा देणारा. मी फोन केला तर म्हणाला, "धंद्याचा व्याप वाढलाय गं." मला तेव्हाच त्याच्यावर चिडायला हवं होतं. अजून चिडते, पण आता उपयोग काय?

काही महिन्यांनी त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता. आम्ही तिघं गेलो. बंगल्यापुढे मोठा मांडव, कडेला आमची जेवणाची पंगत आणि मध्ये दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बैठक मारून. लग्न कुठे करायचं यावरून त्यांच्यात जुंपलेली. मुलाकडच्यांना कल्याणचा हॉल हवा होता, ह्यांना दारातला मांडव. आवाज चढायला लागले. तेव्हा हा उठला. आधी मुलाच्या मामांना नमस्कार केला, त्यांच्या गावच्या पाहुणचाराची आठवण काढली, हॉलमध्ये काय काय चांगलं असतं तेही स्वतःच सांगितलं. मामांचा चेहरा निवळला. मग म्हणाला, "पण मामा, हॉलवाला येळ झाली का लाईट घालवतो. आमच्या दारात तुमचा शेवटचा माणूस जेवल्याबिगर लाईट जायाची नाय. गेलीच, तर समोरच्या टॉवरमधून वायर खेचीन. जागा आपलीच हाय!"

मांडव हसला. मामाही हसले आणि मांडव दारातच ठरला. पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. माझ्या शेजारचे दोघं हसले होते. माझ्या आधी हसले होते.

"तुला कळलं?" मी तमिळ मैत्रिणीला विचारलं.

"म्हणजे काय? अगं, माझा जन्म डोंबिवलीचा," ती म्हणाली. स्वच्छ मराठीत. "शाळेत निबंधाचं बक्षीस मिळायचं मला."

"मी तर सातवीपर्यंत मराठी शाळेतच होतो," टिटवाळेकर म्हणाला.

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, ह्याला जमणार नाही," ती टिटवाळेकराकडे बोट दाखवत म्हणाली.

"मला वाटलं, हिला," तो म्हणाला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आम्ही तर तिघं अतिशहाणे होतो. एकमेकांची काळजी घेता घेता आम्ही आमच्यातला सगळ्यात चांगला बोलणारा माणूस घालवला होता. मला एवढी लाज वाटली की समोरचं ताट दिसेना.

तेवढ्यात तो वड्यांची परात घेऊन आमच्या पंगतीत आला.

"केवढं बोलतोस रे तू!" मैत्रीण म्हणाली.

तो थांबला. तिच्याकडे पाहिलं, मग टिटवाळेकराकडे. टिटवाळेकराने मान खाली घातली.

"दोघांना पण येतं?" त्याने मला विचारलं.

मी हो म्हटलं. त्याने वाकून प्रत्येकाच्या ताटात वडे वाढले, नको म्हणत असताना आणखी एकेक वाढला. मला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागावी तर कसली, तेही सुचेना. शेवटी विचारलं, "बिल्डरकडच्या मीटिंगा चालू आहेत ना?"

"हाय ना. त्यासाठी मॅनेजर ठेवलाय. इंग्लिश लय चांगलं हाय त्याचं."

"आणि तू?"

"मी पाणी पितो," तो म्हणाला आणि परात घेऊन पुढच्या पानाकडे गेला.