दुसऱ्यांदा ठेवलेला अंगठा

बारावीच्या मुलांपुढे बोलायला उभा राहिलो की एक प्रकरण मला हमखास आठवतं. निवृत्त फौजदार म्हणून शाळा निरोप समारंभाला बोलावतात आणि मोठमोठ्या उपदेशाची अपेक्षा ठेवतात. मी ही एकच हकिकत सांगतो.

कामरगावच्या एका अंगणवाडी सेविकेला अनोळखी नंबरवरून घाणेरडे फोन येत होते. गुन्हा दाखल करून कंपनीकडून माहिती मागवली. सिम निघालं जऊळक्याच्या एका मुलीच्या नावावर.

महिला शिपायाला सोबत घेऊन मी तिच्या घरी गेलो. वडील रोजमजुरीवर जाणारे. मुलगी नुकतीच बारावी पास झाली होती आणि नर्सिंगच्या प्रवेशाची वाट पाहत होती. प्रवेशाचे मेसेज ज्या मोबाईलवर येणार होते, तोच मी पंचांसमोर जप्त केला. फोनवरचा आवाज पुरुषाचा होता, तेव्हा ही कुणाला तरी पाठीशी घालते आहे असं मी धरूनच चाललो होतो.

"सिम कुणाला दिलंस?"

"साहेब, मी एकच सिम घेतलं, ते मोबाईलमधीच हाये. दुसरं मले मालूमच नाही."

मी तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. हिच्या उत्तरात एक शब्द वाढला नाही.

निघताना वडील म्हणाले, "साहेब, गाडी पाहून लोक इचारून राह्यले. पोरीचं नाव खराब झालं तं कॉलेज बी गेलं."

दोन दिवसांनी शेलूबाजारच्या एका जीपवाल्याने खबर दिली, की तिथल्या एका मोबाईलच्या दुकानात कागदपत्रांशिवाय चालू सिम मिळतं. मुलीनेही आपलं सिम त्याच दुकानातून घेतलं होतं. मी पुन्हा जऊळक्याला गेलो आणि त्या दिवशी दुकानात काय काय झालं ते तिला पहिल्यापासून सांगायला लावलं.

"त्यानं मशीनवर अंगठा ठेव म्हटलं. मंग म्हणे उमटला नाही, पुन्हा ठेव. मी ठेवला."

"पुन्हा का, काहून, असं विचारलं नाहीस?"

तिने हात पुढे केला. निंदणाच्या आणि हळदीच्या कामाने बोटं पार घासलेली होती. "आमचा अंगठा रेशनच्या मशीनवर बी पयल्यांदा कधी लागत नाही, साहेब."

नोंदी तपासल्या. त्या दुकानातून तिच्या नावावर काही मिनिटांच्या अंतराने दोन सिम चालू झाली होती. दुकानदार तासभर नाही-नाही म्हणत राहिला. नोंदींचा कागद समोर ठेवल्यावर त्याने कबुली दिली आणि दुसरं सिम कुणाला विकलं तेही सांगितलं. फोन करणारा संध्याकाळपर्यंत ताब्यात आला.

"गिऱ्हाईक कसं निवडायचास?" मी विचारलं.

"ज्याचे हात राबलेले दिसतात त्यालेच म्हणतो, पुन्हा ठेव. त्यायले सवय असते. कोणी इचारत नाही."

नोकरीत कबुलीजबाब पुष्कळ ऐकले. याचा मात्र मला संताप आला, आणि माझी स्वतःची लाजही वाटली. मीही त्या मुलीला आधी संशयितच ठरवलं होतं.

न्यायालयाचा आदेश मिळवून प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिचा मोबाईल परत करायला घेतला. ठाण्यातल्या लेखनिकाने पावती पुढे सरकवली.

"कर सही, पोरी."

"आधी वाचू द्या," ती म्हणाली.

लेखनिक घड्याळाकडे पाहू लागला. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मोबाईलच्या वर्णनाखाली लिहिलं होतं, 'अर्जदाराने घेतलेली सिमकार्डे : दोन'.

"हे दोन काहून? मी एकच घेतलं होतं."

तो मजकूर मीच सांगितला होता, पहिल्या दिवशीच्या कागदावरून; त्यात मी दोन्ही सिम तिनेच घेतली असं धरलं होतं. खाडाखोड नको म्हणून नवी पावती लिहायला लावली. तीही तिने पूर्ण वाचली, सही केली, मोबाईल घेतला आणि वडिलांबरोबर बस गाठायला निघून गेली.

मुलांना मी एवढंच सांगतो, की काहून म्हणून विचारायला लाजू नका, समोर वर्दी असली तरी. त्या सकाळी तिने घाईत सही केली असती, तर माझी चूक तिच्या सहीने खरी ठरली असती.