वलणीवरची धोतरं

"त्या उंबऱ्यावर नाक घास. सगळ्यांसमोर. मग पुढचं बघू."

पंतोजी म्हणाले. नव्या सहामाहीचा पहिला दिवस होता. मी अंगणात उभा, अंगावरून पाणी गळतंय, आणि ओसरीवर सहा विद्यार्थी ओळीने उभे. माझ्याकडे बघत होते, पण नजर कोणी देत नव्हतं.

गुन्हा सांगतो. मी त्यांची धोतरं पावसातून वाचवली.

अकोल्यात तेव्हा मास्तर तयार करण्याचा सरकारी वर्ग निघाला होता. आम्ही बाळापूरकडचे कुणबी. विलायतेत आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा बापाने बैलांच्या गळ्यात नव्या घंटा बांधल्या आणि मला म्हणाला, "बैलाईचं झालं. आता तुले शिकवतो." पहिली सहामाही मी चुलत्याच्या ओळखीने बाजारातल्या एका खोलीत काढली. दिवाळीनंतर परत आलो तर त्या खोलीत छतापर्यंत कापूस. गावात माणसाला जागा नाही, कापसाला आहे. शेवटी पंतोजींनी जुन्या शहरातल्या आपल्या घराच्या पडवीत, बैल बांधायच्या जागेशेजारी, मला पथारी टाकू दिली. आत त्यांच्या जातीचे सहा विद्यार्थी राहत. त्यांची पंगत आत. माझी चूल बाहेर.

त्या दिवशी पंतोजी आणि ते सगळे मोर्णा नदीवर आंघोळीला गेलेले. अंगणात वलणीवर त्या सहांची आणि पंतोजींचं अशी धोतरं वाळत होती. आभाळ एकाएकी भरून आलं, टपोरे थेंब पडायला लागले. आमच्याकडे आभाळ फिरलं की जो जवळ असेल तो धावतो. खळं कोणाचं, कापूस कोणाचा, विचारत नाही कोणी. आधी उचलायचं, मग बोलायचं. मी धावलो. सातही धोतरं काढली, नीट घडी केली आणि ओसरीवर ठेवली. खरं सांगू? मला बरं वाटलं. वाटलं, आता हे मला आपला म्हणतील.

सोवळं-ओवळं मला ठाऊक नव्हतं असं नाही. जेवताना नेसायचं धोतर वाळल्यावर दुसऱ्याने शिवायचं नसतं, हे ऐकून होतो. पण आभाळ पाहिलं आणि विसरलो. गंमत अशी की धोतरं तशीच भिजू दिली असती तर काही बिघडलं नसतं. ओलं नेसून जेवता येतं. पावसाचा विटाळ होत नाही, माझ्या हाताचा होतो.

आंघोळ करून आले आणि एकच गलका झाला. सगळी धोतरं पुन्हा धुवायची, तोवर कोणी जेवायचं नाही, आत पानं वाढलेली. पंतोजी खवळले. मी म्हणालो, "धोतरं भिजून राह्यले होते, पंतोजी. म्हणून उचलले. चोरी थोडीच केली? नाक काहून घासू?"

"नाही घासलंस तर उद्या वर्गात पाय ठेवू नकोस."

सहा जणांत अमरावतीचा नारायण होता. मागची सहामाही आम्ही दोघांनी एका पुस्तकात डोकं घालून काढली होती. आता त्याने मान फिरवली. पंतोजी आत गेल्यावर तो आला, चार हात दूर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "घासून टाक ना लेका. एका घडीचं काम. साल जाईन तुह्यं."

"तू घासशील?"

तो वळला. आत निघून गेला. पंतोजींच्या बोलण्याने मला राग आला होता. नारायणच्या जाण्याने रडू आलं. बैलाकडे तोंड करून मी रडलो.

चूल भिजली होती, म्हणून तसाच उपाशी झोपलो. झोप कसली? बाप आठवत होता. त्याला काय सांगणार, धोतरांपायी शिक्षण गेलं? पण नाक घासून वर्गात राहिलो, हेही सांगता आलं नसतं.

सकाळी वर्गात गेलो आणि माझ्या जागेवर बसलो.

"ऊठ," पंतोजी म्हणाले.

उठलो नाही. म्हणालो, "मले सरकारनं घेतलं हाय. काढाचं असन तर सायबाले लिहा. काहून काढलं, तेबी लिहा."

 पंतोजी लाल झाले, पण त्यांनी लिहिलं नाही. फळ्याकडे वळून शिकवायला लागले.

पडवी त्याच दिवशी सुटली. नदीकाठच्या एका धर्मशाळेत कोपरा मिळाला. त्या सहामाहीत पंतोजींनी मला एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. नारायण समोरून आला की रस्ता बदलायचा. जिंकलो असं मला एक दिवस वाटलं नाही. संध्याकाळी भाकर भाजताना स्वतःशीच मोठ्याने बोलायचो, माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून. फार एकटं वाटायचं. 

पण गेलो नाही. ठरवलं, मास्तर होऊनच इथून निघायचं. ज्या गावात नेमतील तिथे पोरांना एका ओळीत बसवायचं, आणि पहिल्याच दिवशी सांगायचं: चुकलं नसेल तर माफी मागायची नाही, समोर कोणीही असो. हे आधी. मुळाक्षरं त्यानंतर.