ड्रमकिलवरून गेलेली रेघ

विलास देवपुजारीने नागपूर जिल्ह्यात बावीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. भूमी अभिलेख खात्यातला भूकरमापक तो. बांधावर उभं राहून दोन सख्ख्या भावांच्या शिव्या खायच्या हेच मुळात काम, आणि ते त्याने इमानेइतबारे केलं. बायको पद्मिनी भूलतज्ज्ञ. तिला डब्लिनमध्ये सरकारी इस्पितळात नोकरी लागली, तेव्हा विलासने राजीनामा दिला आणि तिथल्या ब्लँचर्डस्टाउन या उपनगरात येऊन तीन वर्षं पोळ्या लाटल्या. पन्नाशीच्या माणसाला नोकरीसाठी कोणी दारात उभं करत नव्हतं. चौथ्या वर्षी एका कंपनीने ठेवून घेतलं, तेही कंत्राटावर. काम पुन्हा रेघा ओढायचंच होतं.

कोणतं रेडिओ स्टेशन किती लोक ऐकतात हे ती कंपनी मोजायची. त्या आकड्यांवर जाहिराती मिळत, म्हणून प्रत्येक स्टेशनचा इलाखा आधी ठरवावा लागे. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच. एका जिल्ह्याला एक स्टेशन दिलं असतं तर विलाससारख्यांचं काम उरलं नसतं. पण एका काउंटीत उत्तरेला एक स्टेशन होतं आणि दक्षिणेला दुसरं, आणि दोघांमधली रेघ काउंटीच्या पोटातून जात होती. काउंटीचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथले लोक आधीच पुरेसे चिडलेले आहेत.

रेघ ओढायचा नियम साधा होता. काउंटीचे लहान लहान तुकडे पाडलेले. तुकड्यातली माणसं जे स्टेशन जास्त ऐकतात, तो तुकडा त्या स्टेशनचा. पण तिथून पुरेशी उत्तरंच मिळाली नाहीत, तर तो तुकडा शेजारच्या तुकड्यात घालायचा.

करोना येईपर्यंत कंपनीची माणसं घरोघर जात. ज्या घरात बसून चहा प्यायला, ते घर कुठे आहे हे विचारावं लागत नसे. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये ते बंद झालं आणि पावसाळ्यानंतर, म्हणजे तिथे पावसाळा संपतो असं म्हणायची सोय नाही, पण सप्टेंबरात, फोनवर विचारणं सुरू झालं. राहता कुठे? लोक सांगायचे, ड्रमकिल. विलास ड्रमकिलच्या खात्यात एक आकडा वाढवायचा. ड्रमकिलचं चर्च दक्षिणेच्या तुकड्यात होतं. वरच्या अंगाला, टेकडीच्या उत्तरेला जी सत्तर-ऐंशी घरं होती, त्यांचा तुकडा वेगळा होता आणि तिथून चार महिन्यांत दोनच उत्तरं आली. नियम म्हणजे नियम. विलासने तो उत्तरेचा तुकडा दक्षिणेला जोडला आणि जानेवारी एकवीसपासून रेघ टेकडीवरून पलीकडे सरकली.

फेब्रुवारीत एक तक्रार आली. वरिष्ठ डेक्लनने ती विलासकडे ढकलली. "तुझाच भाग आहे, एक फोन कर. गोड बोल, बाकी काही नाही."

तक्रार ऊना कॅफ्री नावाच्या त्र्याऐंशी वर्षांच्या बाईची होती. विलासने लॅपटॉप बाजूला सारून फोन लावला. म्हातारी गोड बोलायच्या मनःस्थितीत नव्हती.

"माझा ट्रान्झिस्टर उत्तरेचंच स्टेशन पकडतो," ती म्हणाली. "दक्षिणेचं टेकडीमुळे येतच नाही. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ते गेलेल्यांची नावं वाचतात. साठ वर्षं मी ती ऐकतेय. आता स्टेशनवाले म्हणतात कामाला माणसं कमी आहेत, नकाशातल्या गावांचीच नावं वाचू, आणि ड्रमकिल आता आमच्या नकाशात नाही. हा नकाशा कोणी काढला?"

विलासने बाजूला सारलेला लॅपटॉप पुन्हा पुढे ओढला.

आयर्लंडमध्ये सकाळचा चहा आणि मयतांची यादी एकदमच घेतात. कोण गेलं, कुणाची आई, चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, किती वाजता. करोनाच्या नियमाने अंत्यविधीला दहाच माणसं चालत होती तेव्हा बाकीचे रस्त्याच्या कडेला, आपापल्या फाटकाशी उभे राहत आणि शववाहिनी हळूहळू पुढून जाई. पण उभं राहायला आधी कळायला तर हवं.

"मंगळवारी मेरी ड्यूगन माझ्या दारावरून गेली," ऊना म्हणाली. "आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. मी आत बटाटे सोलत होते. खिडकीतून गाडी दिसली, मला वाटलं कुणी परका असेल."

"तुम्ही राहता ते गाव कुठलं?" विलासने विचारलं.

"ड्रमकिल. दुसरं कुठलं असणार? आमचं चर्च तिथे आहे."

तेव्हा विलासच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्या प्रकाशात त्याला स्वतःचं तोंड बघवेना. वाडीवरचा माणूस कधी वाडीचं नाव सांगत नाही, मोठ्या गावाचंच सांगतो. बावीस वर्षांत त्याने हे हजारदा पाहिलं होतं. नव्या पोरांना तो हेच शिकवायचा, की तोंडी सांगितलेलं गाव लिहू नका, पायाने जाऊन बघा. आणि इथे खुर्चीत बसून त्याने एका टेकडीवरच्या सगळ्या माणसांना टेकडीखाली नेऊन ठेवलं होतं.

त्याने डेक्लनला सविस्तर लिहिलं. चूक माझी, ऐंशी घरं दक्षिणेत मोजली गेली, रेघ मागे घ्या. पद्मिनी रात्रपाळी करून आली होती, मास्कचे वळ अजून गालांवर होते. तिने उभ्या उभ्या ते पत्र वाचलं.

"जूनमध्ये तुझं कंत्राट संपतंय," ती म्हणाली. "हात दाखवून अवलक्षण कशाला? फोनवाल्यांनी प्रश्न नीट विचारला नाही, असं लिही ना."

"प्रश्न त्यांचा होता. पण रेघ मी ओढली."

"मग पाठव," ती म्हणाली आणि झोपायला गेली. वाद घालायचं त्राण त्या वर्षी कोणातच नव्हतं.

डेक्लनचं उत्तर सभ्य होतं. मुद्दा बरोबर आहे, पण या आकड्यांवर जाहिराती विकल्या गेल्यात, आता जुलैपर्यंत हात लावता येणार नाही. जुलैत बघू, मात्र घरन् घर पुरावा आण. सरकारी काम सहा महिने थांब म्हणतात, ही तर खासगी कंपनी होती. विलासने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता इंटरनेटवर दक्षिणेचं स्टेशन लावलं, ड्रमकिलची नावं आता तिथेच वाचत. कागदावर नावं उतरवून घेतली. नऊ वीसला ऊनाला फोन लावला.

"आज ड्रमकिलचं कोणी नाही," तो म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली. "उद्या करशील?"

असं ते सुरू झालं. कंपनीच्या नियमात ते बसत नव्हतं, म्हणून विलास स्वतःच्या फोनवरून करायचा. आयरिश नावांचे उच्चार त्याच्या जिभेवर मोडून पडत, ती हसून दुरुस्त करी आणि मग त्या माणसाची कुंडली मांडे. कोण कोणाचा मामा, कोणी कोणाची गाय परत दिली नाही. कोण कुठल्या घरात राहायचं, हेही त्यातच निघे. विलास ते नकाशावर मांडत गेला. दुपारी उरलेल्या घरांना फोन करायचा, आणि आता गाव विचारायचाच नाही. तुमच्या दारातून टेकडी कुठल्या हाताला दिसते, एवढंच विचारायचा. लोकांना वाटे, माणूस वेडा आहे, पण बोलतो बरा.

एप्रिलमध्ये नावं दुसरीकडून यायला लागली. नागपूरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडायची भीती वाटे. एका सकाळी त्यात थोरल्या भावाचं, बाळासाहेबांचं नाव आलं. आदल्या दिवशी ऑक्सिजनचा बेड मिळाला म्हणून सगळ्यांनी हात जोडले होते. विमानं नव्हती आणि असती तरी उपयोग नव्हता. पद्मिनी ड्यूटीवर होती. नऊ वीस झाले तसा विलासने सवयीने फोन लावला आणि ड्रमकिलचं नाव सांगायच्या ऐवजी हेच सांगून बसला.

 ऊनाने नाव पुन्हा विचारलं. दोनदा म्हणून घेतलं.

"विधी किती वाजता?"

"तिकडचे चार. म्हणजे इथले साडेअकरा."

"थोरला ना? मग मी साडेअकराला फाटकाशी उभी राहते. तूही तुझ्या दाराशी राहा."

विलास राहिला. ब्लँचर्डस्टाउनच्या त्या एकसारख्या घरांच्या गल्लीत, चपला घालून, दाराबाहेर. समोरून कोणतीही गाडी जाणार नव्हती. शेजारच्याने हात करून, सगळं ठीक ना, म्हणून विचारलं, "ऑल ग्रँड?" विलास म्हणाला, "ग्रँड." बारा वाजता तो आत आला आणि तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं.

मेमध्ये त्याने डेक्लनला एकोणऐंशी घरांची यादी दिली. जूनमध्ये कंत्राट सहाच महिन्यांनी वाढलं, वर्षाने नाही. त्यामागे काय होतं हे कोणी बोललं नाही, त्यानेही विचारलं नाही. आणि एक जुलैला रेघ टेकडीवरून मागे गेली, होती तिथे. त्याच सकाळी उत्तरेच्या स्टेशनने ड्रमकिलचं नाव वाचलं.

विलासने नऊ वीसला फोन लावला. पाच महिन्यांत इतक्या उत्साहाने त्याने काही केलं नव्हतं.

"ऐकलं," ऊना म्हणाली. आवाजात तिचाही आनंद मावत नव्हता. "स्वच्छ ऐकू आलं. आमच्या इथल्या जॉनी लेननची बायको गेली बिचारी. मी उद्या उभी राहणार. तू फार केलंस हं माझ्यासाठी. आता रोज तसदी घेऊ नकोस, तुझी कामं असतील."

"नाही, तसं काही काम..."

"देव तुझं भलं करो. बाय, बाय, बाय, बाय." तिथली माणसं बाय चारदा म्हणून मगच फोन ठेवतात.

दुसऱ्या दिवशी पद्मिनीला सुट्टी होती. चहाचे कप घेऊन ती आली तेव्हा विलास टेबलाशी बसला होता आणि घड्याळात नऊ पंचवीस झाले होते.

"आज म्हातारीला फोन नाही केलास?"

"तिला रेडिओवर कळतं आता."

"मग झालं की काम," पद्मिनी म्हणाली. "इतका आटापिटा केलास, सुटली तिची अडचण."

"हो," विलास म्हणाला. तिला खरं काय सांगणार? ती रेघ आणखी सहा महिने चुकीचीच राहिली असती तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं होतं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की चहा निवेपर्यंत त्याने मान वर केली नाही.